बांधलेलं इंजिन

चढ अर्धा झाला आणि बॉनेटखाली कुणीतरी उडी मारली.

मी पिकअपच्या डाव्या सीटवर होतो, स्टिअरिंगवर निर्मलाताई. ट्रायलसाठी मागं वाळूची पोती भरली होती. आधी धाडकन आवाज झाला, मग पंखा रेडिएटरला घासल्याचा करकराट, आणि गाडी बंद.

"शेठ," निर्मलाताई शांतपणे म्हणाल्या, "आत कोण हाय?"

मी धाराशिवला जुन्या पिकअप घेतो आणि विकतो. ट्रकचे टायर धुण्यापासून सुरुवात केली. बापाचा पैसा नाही, पुढाऱ्याचा हात नाही. माझ्याकडं आहे ती जबान. निर्मलाताई बेंबळीच्या. गावातली फुलं गोळा करून त्या रोज पहाटे तुळजापूरच्या दुकानदारांना पोचवतात. गाडी एक सकाळ रस्त्यात अडली, की फुलं सुकतात आणि दुकानदार दुसरा माणूस धरतो. म्हणून त्यांनी ना रंग पाहिला, ना सीटकव्हर. त्यांचा प्रश्न एकच होता, इंजिन दगा देणार नाही ना?

मी सांगितलं होतं, "ताई, इंजिन बांधलेलं आहे. डोळे झाकून घ्या."

आमच्या धंद्यात इंजिन बांधणं म्हणजे ते पूर्ण खोलायचं, पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवे टाकायचे आणि परत जुळवायचं. हे मी मनानं सांगितलं नव्हतं. गाडी तेरच्या भगवानअप्पांची. त्यांनी तुळजापूरच्या दिशेला हात जोडून मला सांगितलं होतं, "आईची शपथ मालक, इंजिन आत्ताच बांधलंय." इकडं तुळजाभवानीची खोटी शपथ कुणी घेत नाही. शिवाय आवाज गोड होता, धूर नव्हता. मी विश्वास ठेवला.

आता रस्त्यावर उताणा पडून मी गाडीखाली शिरलो. इंजिन रबराच्या ज्या ठोकळ्यांवर बसतं, त्यांना आम्ही फाउंडेशन म्हणतो. एका बाजूचं फाउंडेशन तुटलेलं होतं. इंजिन चेसीला दाव्यानं बांधलेलं होतं. गुरं बांधायचं दावं! चढावर जोर पडला, गाठ सरकली आणि इंजिन म्हशीसारखं उधळलं. गाडी घेताना मी खाली वाकून पाहिलं होतं. पण चिखलाच्या थरात दावं आणि पाइप सारखेच दिसतात, हे मी आजही कुणालाही सांगेन.

दावं हातात घेऊन मी बाहेर आलो. निर्मलाताईंनी माझ्याकडं पाहिलं, दाव्याकडं पाहिलं आणि त्या रस्त्याच्या कडेला बसून हसू लागल्या. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना.

"बांधलेलं हाय म्हणला होतात, शेठ! खरंच बांधलंय की!"

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या एका पिकअपनं गाडी ओढून धाराशिवला आणली, नवं फाउंडेशन बसवलं, रेडिएटरचं काम केलं आणि त्याच गाडीनं तडक तेरला निघालो. "म्या बी येणार," निर्मलाताई म्हणाल्या. "असला माणूस बघायलाच पाहिजे."

अप्पा अंगणात म्हशीला वैरण टाकत होते. मी दावं त्यांच्यापुढं धरलं.

"अप्पा, हे काय?"

"दावं."

"कुणाचं?"

"आधी हिचं हुतं," त्यांनी म्हशीकडं बोट दाखवलं, "मग इंजिनाचं."

"देवीची शपथ घेतली तुम्ही! इंजिन बांधलंय म्हणालात!"

"मग, मोकळं सोडलं हुतं का? हलायलं म्हणून म्या सोता बांधलं. दुहेरी गाठ मारून. कशाला ओरडायलाव?"

"बांधलंय म्हणजे खोलून बांधलेलं, अप्पा!"

"चांगलं चालायलं तर खोलायचं कशापायी?"

निर्मलाताई परत हसू लागल्या. तिथं माझा तोल गेला.

"अहो, या इंजिनाला आजवर पाना लागलेला नाही! रेडिएटर काढताना पाहिलं, हेडच्या बोल्टवर कंपनीचा रंग जसाच्या तसा आहे! न खोललेलं, सील इंजिन! असलं इंजिन दिवा घेऊन शोधलं तरी मिळत नाही, आणि तुम्ही मला ते बांधलेलं म्हणून विकलं!"

मी काय बोललो, ते वाक्य संपल्यावर मला कळलं. अप्पांना माझ्या आधी कळलं.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "बांधलेल्यापरीस हे भारी?"

"तसं नाही अप्पा..."

"आत्ता तुमीच म्हणलाव. मग म्या गाडी लई स्वस्तात दिली की, मालक. वरची रक्कम द्या."

मी तोंड उघडणार तोच निर्मलाताई पुढं झाल्या. मला वाटलं, माझी बाजू घेतील.

"शेठ, परवा ती दुसरी गाडी बघताना तुमीच म्हणला होतात, न खोललेल्या जुन्या इंजिनावर भरवसा ठेवू नका, कवाबी बंद पडतंय. हे तर बांधलेलं न्हाय. मग भाव खाली आला पाहिजे."

एकाच इंजिनाचा भाव अप्पांकडं वर चालला होता, ताईंकडं खाली. मधे मी. एवढी वर्षं मी लोकांना बोलण्यात गुंडाळत आलो. इथं दोघं मला माझ्याच वाक्यांत गुंडाळत होते.

"आधी तुम्ही दोघं ठरवा," मी ओरडलो, "इंजिन चांगलं आहे की वाईट!"

"माझ्या हिशेबानं चांगलं," अप्पा म्हणाले.

"माझ्या हिशेबानं जुनं," ताई म्हणाल्या, आणि दोघांनी एकमेकांना चहा पुढं केला.

चहा झाला, परत भांडण झालं, अप्पांच्या सूनबाईंनी भाकरी वाढली, जेवतानाही भांडण झालं. शेवटी निर्मलाताई उठल्या.

"भाव राहू द्या. माझी फुलं पोचतील का न्हाय, तेवढं दाखवा."

भांडणात इंजिन गार पडलं होतं. हे बरं झालं. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. खरी परीक्षा गार इंजिनाची. ताईंनी किल्ली फिरवली. पहिल्याच दमात सुरू. निळा धूर नाही. मग मी ऑइलचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवलं. आत रिंगा झिजल्या असल्या तर खालून वाफ येते आणि झाकण नाचतं. आम्ही म्हणतो, इंजिन बॅक मारतंय. झाकण जागचं हललं नाही. ताईंनी तळवा वर धरून पाहिला, आणि लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या.

"घेतली! पण भाव खालचा."

"आन माझा वरचा," अप्पा म्हणाले.

मी अर्धं अर्धं केलं. थोडं अप्पांना, थोडं ताईंना. दोन्ही अर्धी माझ्याच खिशातली. गाडी आजही रोज तुळजापूरला जाते आणि चढावर उड्या मारत नाही. अप्पांच्या शेतातली शेवंतीही आता ताईच उचलतात. दोघं मला पाहिलं की आधी हसतात, मग नमस्कार करतात. तो नमस्कार मी अजून घेतलेला नाही.

आता कुणी इंजिन बांधलंय म्हणालं, की मी पुढचं काही ऐकायच्या आधी विचारतो, कशानं?