तिसाव्या किलोमीटरवरचं बोंड

मागच्या महिन्यात समरकंदला मॅरेथॉन पळत होते आणि तिसाव्या किलोमीटरला रस्ता सोडून सरळ एका वावरात शिरले. हसू नका... कापूस होता हो तिथं!

पुसदहून उझबेकिस्तानला जायचं खूळ माझंच. बेचाळीस किलोमीटर पळायचं आणि मग दोन दिवस निळे घुमट बघत हिंडायचं. मी शिकवते त्या वर्गातल्या पोरांना मेडल दाखवीन म्हणून सांगून बसले होते, आता माघार कुठली!

पण जीव थाऱ्यावर नव्हता. यंदा गावी, फुलसावंगीला, बाबांची अख्खी पराटी, म्हणजे उभी कपाशी, बोंडअळीनं खाल्ली. तेव्हापासून त्यांनी वावरात पाऊल टाकलं नाही. आई म्हणे, "दिवसभर खाटेवर बसून राह्यते, बोलत नाही काही."

हिरवं बोंड दिसलं की आत अळी आहे का ते बघितल्याशिवाय आम्हा लोकांना राहवत नाही. अंगठ्यांनी दाबून फोडलं... आत पांढरंशुभ्र! मग दुसरं फोडलं, तिसरं फोडलं.

कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बाया बघतच राहिल्या. मी बोट वळवळवून अळी दाखवली. त्यातली एक म्हातारी खदखदून हसली आणि तिनं स्वतः चौथं बोंड फोडून माझ्या हातावर ठेवलं. तेही निरोगी.

तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "पान उलटं करून दाखव वं... दोन तासांत अंतर कितीक आहे? पायानं मोज."

मी बूट टेकवून कपाशीच्या दोन ओळींमधलं अंतर मोजलं. हातातल्या घड्याळात शर्यतीची ठरलेली वेळ संपत आली होती, मेडल जाणार हे कळत होतं. पण महिन्याभरानं बाबा बोलत होते... फोन कसा ठेवणार?

शेवटी त्यांनीच विचारलं, "अन् तू पळायचं सोडून तिथं काहून उभी आहे?"

शेवटच्या रेषेशी पोचले तेव्हा कमान उतरवून ट्रकमध्ये चढवत होते. मेडल नाही, केळंसुद्धा संपलेलं.

दुसऱ्या दिवशी घुमटांखाली मान वर करून उभी होते, तेवढ्यात आईनं फोटो पाठवला. बाबा वावरात... वाळल्या पराटीच्या दोन तासांमधलं अंतर पायानं मोजत.

त्या म्हातारीचं नाव विचारायचं राहिलं, त्याची चुटपुट अजून आहे. शाळेत पोरांनी विचारलं, "मॅडम, मेडल?" मी तो फोटो दाखवला.