आप्पांचा राग मी पुण्याला आणला

मी गाव सोडलं त्या दिवशी भोकरदनच्या बसस्टँडवर माझे वडील, आप्पा, माझ्यावर ओरडले. पिंपळगाव रेणुकाईहून आम्ही दोघं जीपनं आलो होतो. मी पुण्याला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला निघाले होते. बस लागली आणि माझ्या लक्षात आलं, बारावीची मार्कशीट घरी कपाटातच राहिली. भीत भीत सांगितलं. आप्पांनी हातातली बॅग फलाटावर आपटली. आईनं बांधून दिलेला डबा उघडला, भाकरी फरशीवर पडल्या.

"अक्कल हाये का न्हाई तुला? असली बिनडोक पोरगी शिकून काय करणार हाये?"

सगळा स्टँड बघत होता. मी भाकरी गोळा केल्या, बसमध्ये चढले आणि खिडकीची काच ओढून घेतली. बस हलली तरी बाहेर पाहिलं नाही. एकच ठरवलं होतं, आपण असं कधीच व्हायचं नाही.

तुमच्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून आले, त्यांना माहीत असेल, शहरात माणूस पहिल्यांदा जीभ बदलतो. माझं 'न्हाई' गेलं, 'मंग' गेलं. पुढे लॅबमध्ये नोकरी लागली, वाटूरकडच्या विनोदशी लग्न झालं, चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. गावी फोन केला की आईशी भरपूर बोलायचे. आप्पांचं "बरी हाये का?" ऐकलं की "बरी आहे" म्हणून फोन ठेवायचे. मैत्रिणींना आप्पांच्या रागाचे किस्से सांगायचे, आणि सांगताना वाटायचं, सुटले मी त्यातून.

त्याच दिवसांत घरी काय चाललं होतं ते मी कुणाला सांगत नव्हते. दूध उतू गेलं की मी विनोदवर ओरडायचे. गाडी चुकीच्या वळणाला गेली की ओरडायचे. "अहो, तुम्हाला एवढंही जमत नाही?" नंतर मीच म्हणायचे, डोक्याला ताण असतो, दिवसभर उभं राहून काम असतं. विनोद गप्प बसायचे. मला वाटायचं, स्वभावच शांत आहे त्यांचा.

गेल्या वर्षी आप्पांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला मी त्यांना पुण्याला आणलं. आई सोबत आली. लग्नानंतर ते पहिल्यांदाच माझ्या घरी राहणार होते. ऑपरेशन व्यवस्थित झालं. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, आठ दिवस डोक्यावरून अंघोळ नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ते मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी लॅबमधून आले, तर आप्पा ओल्या केसांनी उभे. हातात टॉवेल. उकडलं म्हणून डोक्यावर दोन तांबे घेतले होते.

"आप्पा, अक्कल आहे का नाही तुम्हाला? वाचता येतं ना? डोळा गेला तर कोण बघणार आहे? मला दुसरे उद्योग नाहीत का?"

दार उघडंच होतं. शेजारच्या काकू वाटीत काहीतरी घेऊन आल्या होत्या, त्या तशाच मागं फिरल्या. मी ते पाहिलं आणि तरी थांबले नाही. अजून काय काय बोलले, ते लिहायची आता लाज वाटते.

माझं सगळं होईपर्यंत आप्पा उभे राहिले. मग म्हणाले, "बराबर हाये. चुकलंच माझं. मी जरा खाली जाऊन येतो." काळा चष्मा लावला आणि कठडा धरून जिना उतरू लागले.

स्वयंपाकघरात आई ओट्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, "तुझा आवाज आला अन् मला वाटलं, हेच बोलून राह्यले. हातातलं टाकून उभी राह्यले मी. किती वर्षांनी छातीत असं धडधडलं बघ."

"किती वर्षांनी म्हणजे?"

"तू पुण्याला गेली तवापासून ते वरडत न्हाईत. तुला ठावंच न्हाई का?"

मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

खाली आले तर आप्पा पार्किंगच्या कट्ट्यावर बसले होते. मी शेजारी बसले. विचारलं, "आप्पा, तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. लई आला. म्हणून तर उतरलो. तीन जिने उतरेस्तोवर निम्माच राह्यतो." ते हसले. "गावात जिना न्हाई, तिथं गोठ्यात जातो. आधी आधी सगळं म्हशीलाच बोलायचो. तुझी आई म्हणायची, म्हैस आटंल अशानं."

मला हसू येत नव्हतं. "पण कधीपासून?"

"तुझी बस गेली ना, तवा समोर बाकड्यावर एक बाई बसली होती. पोरगी होती तिची, तुझ्याएवढीच. मी बाकड्याकडं गेलो, तर तिनं पोरीला जवळ ओढून घेतलं. मला भ्याली ती. मी घरी गेलो अन् बसलो. म्हणलं, हे आता बिलकुल बंद. पण एकदा ठरवून भागत न्हाई. राग आला की दर टायमाला नव्यानं ठरवावं लागतं."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तू फोन ठिवून द्यायची."

मी म्हणाले, "चुकलं माझं, आप्पा."

"मला कशाला सांगती? मी आठ दिसांनी जाणार हाये. ज्याच्यासंगं राह्यचंय त्याला सांग."

म्हणजे माझं विनोदवर ओरडणं चार दिवसांत त्यांनी पाहिलं होतं.

आप्पा-आई गेल्यावर मी विनोदला सांगितलं, तुमच्यावर ओरडते ते चुकतं माझं. वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे. ते म्हणाले, "तुझी चावी दारात वाजली की मी टीव्हीचा आवाज कमी करतो. मग तुझं तोंड बघतो. मग ठरवतो, आज काय बोलायचं." अगदी शांतपणे सांगितलं, तक्रार नव्हती त्यात. लहानपणी आप्पांची फटफटी अंगणात आली की मी आणि आई असंच करायचो. माझ्या घरात तसंच कुणीतरी इतकी वर्षं जगत होतं, आणि मी त्याला शांत स्वभाव म्हणत होते.

आता राग आला की मी जिना उतरते. सोसायटीतल्यांना वाटतं, बाई फिरायला जाते. सगळ्या वेळी जमत नाही. मागच्या महिन्यात उतरायच्या आधीच बोलून गेले, आणि वर आल्यावर माफी मागितली. फोन आता आप्पांना करते. ते विचारतात, "किती जिने उतरली या हप्त्यात?" मी खरा आकडा सांगते.

गाव सुटलं तेव्हा मला वाटलं होतं, आपण एक घर मागं टाकून दुसरं करायला निघालो. दुसरं घर बरीच वर्षं झालंच नव्हतं. भिंती होत्या, कर्ता माणूस होता, पण माझ्या येण्याची धास्ती होती.

परवा लॅबमधून आले. कुलूप उघडलं. आत मॅच मोठ्यानं चालू होती. विनोद सोफ्यावर पाय पसरून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही, रिमोटला हात लावला नाही. म्हणाले, "आलीस? चहा टाक, माझापण."

मी एक चप्पल पायात, एक हातात, दारातच थोडा वेळ उभी राहिले. मग चहा टाकायला गेले.