लिफ्टवाल्याला माणसं हवी होती

तिला घरी सगळे ‘का-ताई’ म्हणत. लहानपणी दिसेल त्याला ‘का?’ विचारून ती भंडावून सोडायची, आणि मोठेपणी तिला नेमकी प्रश्न विचारायचीच नोकरी लागली. प्रशिक्षण केंद्राला नवे वर्ग काढायचे होते. त्याआधी भागातल्या कारखानदारांना, दुकानदारांना कसली माणसं हवीत, हे विचारून यायचं काम तिच्याकडे आलं.

“विचारायचा पगार मिळतो?” सासरे म्हणाले. “म्हणजे सूनबाई, तुमचं सोनंच झालं की!”

पण जाईल तिथे तिला एकच उत्तर मिळे: चांगली माणसं मिळत नाहीत. चांगली म्हणजे कशी, असं विचारलं की समोरचा खांदे उडवी. बेकरीवाल्या मावशींनी तर ओव्हनमधून डोकंही बाहेर काढलं नाही.

लिफ्टदुरुस्तीवाल्यानेही तेच पालुपद लावलं. त्याच्या शेडमध्ये ग्रीसचा वास होता आणि जिकडेतिकडे लोखंडी दोरांची वेटोळी पडलेली. का-ताईने विचारलं, “समजा, मीच कामाला आले. मला काय करायला लावाल?”

तो हसला. पण टेबलावर एक ब्रेक उघडा पडला होता, तो त्याने तिच्यापुढे सरकवला. “हा जोडा.”

तिने ओढणी खोचली. ही स्प्रिंग एवढी घट्ट का? हा पट्टा एकाच बाजूने का झिजलाय? तो सांगत गेला. चहा आला, गार झाला. मग बोलता बोलता तो एकदम थांबला.

“बाई, हे मी माझ्या माणसांना कधी सांगितलेलंच नाही.”

“का?”

“कोणी विचारलंच नाही.” त्याने मान खाजवली. “म्हणजे, एकाने विचारलं होतं, अगदी पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, कामाला आलायस की मुलाखत घ्यायला?”

“मग?”

“मग काय, गेला सोडून. हाताचा चांगला होता हो.”

दुसऱ्या दिवसापासून का-ताई आधीच्याच दारांवर पुन्हा गेली. आता तिचा प्रश्न वेगळा होता: नवा माणूस काही विचारतो, तेव्हा तुम्ही काय करता? या प्रश्नावर मात्र लोक बोलते झाले. बेकरीवाल्या मावशी चक्क स्टुलावर बसल्या. चष्म्याच्या काचा घासणारा म्हणाला, “एकजण इतका डोकं खातो की मीच लपतो! पण काच फुटत नाही ती त्याच्याच हातून.”

केंद्राचे प्रमुख वैतागले. “आपल्याला वर्ग कोणते काढायचे, एवढंच हवं होतं.”

“तेही आणलंय, सर. वायरिंग हवंय, वेल्डिंग हवंय. पण शिकवायला ह्या कारखानदार-दुकानदारांनाच बोलवू या ना. आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.”

प्रमुखांनी आढेवेढे घेतले आणि मग एक तास दिला.

लिफ्टवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला. पाठ केलेलं सगळं बोलून टाकून “काही शंका?” म्हणाला. वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावर बसलेल्या का-ताईच्या ओठांवर चार ‘का’ आले होते, पण तिने ते महाप्रयासाने गिळले.

शेवटी खिडकीजवळची एक मुलगी उठली. “दोर तुटला तर लिफ्ट खाली आदळत का नाही?”

लिफ्टवाल्याचा चेहरा खुलला. “अगं, मी तेवढ्यासाठीच तर आलोय!” म्हणत त्याने बाह्या वर सारल्या आणि खडू उचलला.