डायरेक्ट अकोल्याहून

आज सकाळी अमरावतीत चहा घेत माझी वेबसाइट कोण कुठून बघतं ते दाखवणारं ॲनालिटिक्स उघडलं आणि गावांच्या यादीत अकोला दिसलं… एकदम रशीदचाचा आठवले.

मी नोकरी सोडून घरून डिझाइनची कामं सुरू केली, तेव्हाची गोष्ट. शेतीची ती वर्षं वाईट होती. कपाशी बुडाली की दुकानदारसुद्धा हात आखडता घ्यायचे, नवी पाटी, नवा फ्लेक्स, सगळं पुढच्या हंगामावर.

घरी ठरलं होतं, दिवाळीपर्यंत कामं आली तर ठीक, नाहीतर पुण्याची नोकरी. लेक अडीच वर्षांची. ती इथे सासूबाईंजवळ राहणार आणि मी महिन्यातून एकदा येणार.

आणि अचानक फोन यायला लागले. मूर्तिजापूरची शाळा, धामणगावचं कृषी केंद्र, अकोल्याचे दोन दवाखाने. मी खूश! माझ्या फेसबुक पोस्टची कमाल, असं नवऱ्याला ऐकवूनही झालं.

मग हौसेनं ॲनालिटिक्स बघितलं. फेसबुकवरून आलेले मोजून सात, तेही बहुतेक माझे मावसभाऊ! बाकी सगळे ‘डायरेक्ट’, म्हणजे पत्ता स्वतः टाइप करून आलेले. त्यातले निम्मे अकोल्याचे.

अकोला माझं माहेर. मला वाटलं, बाबाच कौतुकानं रोज साइट उघडून बसतात. फोन करून चांगलं झापलं त्यांना. ते बिचारे म्हणाले, “मले तं त्या कॉम्प्युटरचं बटन बी माईत नाई, बाई!”

शेवटी धामणगावच्या कृषी केंद्रवाल्यांना विचारलं, माझ्या साइटचा पत्ता कुठे मिळाला?

“आमच्याच पाटीवर तं हाये, मॅडम. अकोल्याच्या पेंटरनं खाली लिहून देला.”

पाटी रंगवून झाली की पेंटर खालच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतो, तुम्ही पाहिलं असेल. अकोल्याचा हा पेंटर म्हणजे रशीदचाचा, माहेरी आमच्या शेजारचे. शाळेत असताना मी त्यांच्या अंगणात बसून अक्षरांत रंग भरायचे. अक्षराचं वळण मला त्यांनीच शिकवलं.

दुसऱ्याच दिवशी एसटीनं अकोला गाठलं. चाचा एका किराणा दुकानासमोर शिडीवर होते. मी खाली उभी, आणि खरं सांगते, लाज वाटत होती. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम निम्म्यावर आलं होतं, आणि ते फ्लेक्स करणाऱ्यांतली मी एक.

चाचा खाली उतरले. हात पुसत म्हणाले, “लोक इचारतात, चाचा, फ्लेक्स करता का? मी सांगतो, आपली पोरगी करते ना अमरावतीले!”

“अन् चाचा, तुमचं काम?”

“ते तं जाऊनच राहिलं, बेटा. जातेच तं आपल्या घरात जाऊ दे.”

मी पाटीकडे पाहिलं. त्यांची सही एरवी केवढी ऐटदार, खाली लाल शेपटी ओढलेली. त्या पाटीवर ती इवलीशी झाली होती… माझा पत्ता मावावा म्हणून.

पुण्याला मी गेले नाही. लेक माझ्याजवळच वाढली, आता उंचीनं माझ्याएवढी झालीय.

चाचांना जाऊन काही वर्षं झाली. हे सगळं त्यांच्यासमोर कधी नीट बोलले नाही, ‘चाचा, तुमच्यामुळे माझी लेक माझ्या कुशीत झोपली,’ एवढं साधं वाक्य… ते आज इथे लिहिते.