बाराशे रुपये कमी

“बाई, तुम्ही बाराशे रुपये जास्त सांगून राहिल्या,” खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. माझी चूक चारचौघांत उघडी पडू नये, अशा बेताने ते हळू बोलत होते.

मी फीची बेरीज पुन्हा केली. सहा हजार दोनशे. त्यांनी सरकवलेल्या नोटा पुन्हा मोजल्या. पाच हजार.

“बाराशे तुम्ही कमी आणलेत,” मी म्हणाले.

“कमी नाहीत जी. बरोबर आहेत.”

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं तेव्हा नुकतीच निघत होती. विनाअनुदानित म्हणजे सरकार दमडी देत नाही, सगळा कारभार विद्यार्थ्यांच्या फीवर. आमचं कॉलेज शहराबाहेर, बेसा गावाच्या अलीकडे, शेतांच्या मधोमध. टिनाचे दोन शेड उभे होते, बाकीची इमारत संस्थेच्या अध्यक्षांच्या भाषणात होती. मी सक्करदऱ्याहून सायकलने जायची. हुद्दा अकाउंट्स क्लार्कचा, काम कॅशियरचं. फी घ्यायची, पावती फाडायची, सही करायची.

सीटा दोन प्रकारच्या होत्या. मार्कांच्या यादीतून भरायच्या त्या मेरिटच्या. संस्था आपल्या मर्जीने देते त्या मॅनेजमेंटच्या, आणि तिथे पैसा वेगळा. एवढं मला ठाऊक होतं. त्यापलीकडचं कोणी विचारलं की मी चेहरा कडक करायची. ही विद्या नोकरीत फार लवकर येते.

गृहस्थांचं नाव पराते. उमरेडचे विणकर. बरोबर मुलगी होती, शोभा. मेरिटच्या यादीत तिचं नाव बरंच वर होतं. तिने आमच्याच ऑफिसने पाठवलेलं पत्र खिडकीतून आत दिलं. त्यात फीचा आकडा होता आणि खाली एक ओळ होती: ‘आपली पाल्य मेरिट स्कॉलरशिपसाठी पात्र आहे, वार्षिक रक्कम रुपये बाराशे.’ सायक्लोस्टाइल मशीनवर छापायला या पत्राचं स्टेन्सिल मीच कापलं होतं.

“सहा हजार दोनशेतून बाराशे गेले की पाच हजार,” पराते म्हणाले. “ते बाराशे तुम्ही सरकारकडून घ्या.”

“अहो, तसं नसतं. आधी पूर्ण फी भरायची. मग स्कॉलरशिपचा फॉर्म. तो पुण्याला, सरकारी कचेरीत जातो. मंजूर होऊन आला की पैसे विद्यार्थ्याला.”

“कधी?”

“येतात.”

“बाई, येतात हे कळलं. कधी?”

मला माहीत नव्हतं. कॉलेजचं पहिलंच वर्ष, आमच्याकडे अजून एकही स्कॉलरशिप आली नव्हती.

पराते यांचा हिशेब कुठून आला, हे मला थोड्या वेळाने उमगलं. ते विणकर सोसायटीचे सभासद होते. दिवाळीच्या आधी सोसायटीच्या दुकानात हातमागाच्या कापडावर रिबेट असतो. गिऱ्हाइकाने लुगड्याचे पैसे वीस टक्के कमी द्यायचे, आणि ते वीस टक्के सोसायटीने सरकारकडे मागत बसायचं. गिऱ्हाइकाला पुण्याशी काही देणंघेणं नाही. आयुष्यभर त्यांनी सवलत म्हणून हीच एक गोष्ट पाहिली होती. सरकारने पोरीला बाराशेची सवलत दिली, म्हणजे कॉलेजने बाराशे कमी घ्यावे आणि सरकारच्या मागे लागावं. मला हसू आलं होतं. मग वाटलं, यात हसण्यासारखं नेमकं काय आहे?

“म्हणजे पोरीनं मार्क आधी आणले अन् तुमचे पैसे मागून?” त्यांनी विचारलं.

तेव्हा दुपारचे दीड वाजले होते. चार वाजेपर्यंत फी भरली नाही तर सीट वेटिंग लिस्टमधल्या पहिल्या मुलाला जाणार होती. त्या मुलाचे वडील समोरच्या बाकावर मांडीवर बॅग ठेवून बसलेच होते. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे.

“उमरेडला जाऊन बाराशे आणता येतील का?” मी विचारलं.

“दोन माग होते. एक विकूनच हे पाच हजार आणले. दुसरा विकला तर घरी खायचं काय?”

“बाबा, राहू द्या ना,” शोभा म्हणाली. “मी बीएस्सीले जातो.”

“चूप बस वं. मले समजून तर घेऊ दे.” त्यांनी माझ्याकडे वळून पत्रासोबत आलेलं फीचं कार्ड खिडकीच्या फळीवर ठेवलं. “बाई, रागावू नका. एकेक सांगा. हे काय?”

“ट्यूशन फी. शिकवण्याचे पैसे.”

“बरोबर. हे?”

“डिपॉझिट. कॉलेज सोडताना परत मिळतं.”

“हे?”

“प्रयोगशाळा. हे परीक्षेचं. हे लायब्ररीचं.”

“अन् हे पंधराशे?”

“विकास निधी. इमारत बांधायची आहे ना.”

“इमारत कोणाची?”

“संस्थेची.”

“मग पोरगी कॉलेज सोडीन तवा हे परत मिळतात?”

“नाही.”

“मग इमारत संस्थेची, अन् पैसे माहे काहून?”

हा प्रश्न त्या आठवड्यात एकानेही विचारला नव्हता. मेरिटच्या छत्तीस जणांकडून मी विकास निधी घेतला होता. सगळ्यांनी मुकाट्याने मोजून दिले होते, मीही मुकाट्याने मोजून घेतले होते.

“थांबा,” म्हटलं आणि रजिस्ट्रार साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब तहसील कचेरीतून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. भला माणूस, पण कुठलाही प्रश्न आला की तो पुढच्या आठवड्यावर ढकलायचा, ही तिथली सवय सुटली नव्हती.

“साहेब, विकास निधी कोणाकडून घ्यायचा असतो?”

“सगळ्यांकडून. कार्डावर आहे ना?”

“कार्डावर आहे. पण आदेशात आहे का?”

“कोणता आदेश?”

“सरकारचा. फीचा.”

“अरे छोडो ना बाई. चार वाजता यादी लावायची आहे अन् तुम्ही आदेश घेऊन बसल्या. नसतील पैसे तर पुढच्याले बोलवा.”

कपाटातून फाइल मीच काढली. तीन पत्रं होती. पहिलं इंग्रजीत. दुसऱ्यात पहिल्याचा संदर्भ देऊन ‘वरीलप्रमाणे कार्यवाही व्हावी’ एवढंच. तिसऱ्याने दुसऱ्यातला एक परिच्छेद रद्द केला होता, पण दुसऱ्यात परिच्छेद एकच होता. मग उरलं काय? खरं सांगते, मला काहीही कळेना. पहिलं पत्र तीनदा वाचलं. मेरिटच्या विद्यार्थ्यांकडून घ्यायच्या रकमांची त्यात यादी होती. ट्यूशन फी होती, डिपॉझिट होतं, प्रयोगशाळा, परीक्षा, लायब्ररी होती. बोट ठेवून खाली आले. विकास निधी नव्हता. पान उलटलं. मागे कोरं.

मग कार्डाचं आठवलं. पहिल्यांदा कार्ड केलं ते मॅनेजमेंटच्या सीटांसाठी. मेरिटची यादी आली तेव्हा वेगळं स्टेन्सिल कोण कापत बसणार, म्हणून तेच कार्ड पुन्हा चालवलं. “चालवून टाका” असं साहेब म्हणाले होते खरं. पण मशीनचं हँडल मीच फिरवलं होतं.

पुन्हा केबिनमध्ये गेले. साहेबांनी पत्र लांब धरून वाचलं आणि माझ्याकडे परत दिलं.

“हे मॅटर प्रिन्सिपल सरांचं आहे.”

“सर युनिव्हर्सिटीत गेलेत. संध्याकाळी येतील.”

“मग संध्याकाळी बघू.”

“सीट चार वाजता जाते, साहेब.”

“बाई, एकाले सोडलं तर उद्या छत्तीस जण दारात उभे राहतील. समजून राहिल्या का तुम्ही?”

समजत होतं. तेवढंच काय ते त्या दिवशी मला स्वच्छ समजत होतं. बाहेर आले तेव्हा सव्वातीन झाले होते. शोभा फीच्या कार्डाची घडी घालत होती आणि उलगडत होती. बाकावरचे गृहस्थ उठून खिडकीशी आले होते. “मॅडम, मी रोख आणले आहेत,” ते अदबीने म्हणाले.

आमच्याकडे पावतीवर एकच सही लागायची, कॅशियरची. एरवी त्या सहीची मला काही किंमत वाटत नसे. मी पावतीपुस्तक उघडलं. ट्यूशन फी लिहिली, डिपॉझिट लिहिलं, बाकीच्या रकमा लिहिल्या. विकास निधीच्या ओळीवर आडवी रेघ मारली. एकूण चार हजार सातशे. मग सही केली. नोकरी जाईल असं वाटलं होतं, उगाच शूरपणाचा आव आणत नाही.

पावतीवर तीनशे रुपये ठेवून मी ती बाहेर सरकवली. “हे तुमचे परत.”

पराते यांनी नोटांकडे पाहिलं, हात लावला नाही. “हे कायचे?”

“जास्त झाले. विकास निधी तुम्हाला लागू नाही.”

“मघा तर बाराशे कमी होते जी.”

“हो.”

“आता तीनशे जास्त?”

“हो.”

त्यांनी बोटांवर पुन्हा हिशेब केला. मग नोटा माझ्याकडे सरकवत म्हणाले, “तुमच्यापाशीच राहू द्या. उद्या साहेब म्हणतील पैसे कमी भरले अन् पोरीले काढतील.” शोभाने मधे हात घालून नोटा उचलल्या आणि त्यांच्या खिशात कोंबल्या. “बाबा, पावती पाहा ना,” ती म्हणाली. त्यांनी पावती पाहिली, पण चेहऱ्यावरचा गोंधळ गेला नाही. शोभाने मात्र पावतीची घडी घालून ती वहीत ठेवली आणि वही छातीशी घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिन्सिपल सरांनी बोलावलं. रजिस्ट्रार साहेब आधीच बसले होते. सरांच्या पुढे माझ्या पावतीची कार्बन प्रत होती.

“कोणत्या आधारावर?” सरांनी विचारलं.

मी तिन्ही पत्रं ठेवली. त्यांनी तिन्ही वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली.

“हे तुम्हाला नीट समजलं?”

“नाही सर. पण विकास निधी घ्या असंही कुठे लिहिलेलं दिसलं नाही.”

सरांनी तिन्ही पत्रं फाइलमध्ये घातली. मग हसले. रजिस्ट्रार साहेबांना हसू आलं नाही. अध्यक्षांशी बोलणं व्हायला आठवडा लागला, आरडाओरडा झाला म्हणतात, पण सरांनी आदेशाची प्रत पुढे केली आणि छत्तीस जणांचे पैसे परत करायचं ठरलं. माझी बदली भाड्याच्या घरात चालणाऱ्या हॉस्टेलच्या स्टोअरला झाली. शिक्षा म्हणून नव्हे, असं साहेबांनी मला दोनदा सांगितलं. तिथे मी वर्षभर बादल्या, चादरी आणि तुरीची डाळ सांभाळली.

शोभाची स्कॉलरशिप ती तिसऱ्या वर्षाला असताना आली, आणि तीही पहिल्या वर्षाचीच. तोपर्यंत पराते दुसऱ्या मागावर उमरेडला विणतच होते. मुलगी फर्स्ट क्लासमध्ये इंजिनिअर झाली.

पण मला जास्त आठवतात ते बाकीचे छत्तीस. पैसे परत घेऊन जा, अशी पत्रं स्टोअरला जाण्याआधी मीच लिहिली. मराठीत, साध्या शब्दांत, दोनदा वाचून. सत्तावीस जण आले. त्यातल्या एका बापाने सही करण्याआधी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, “बाई, खरं सांगा, हे घेतले तर पोराची सीट तर नाही ना जात?” उरलेले नऊ जण आलेच नाहीत. पुन्हा पत्रं पाठवली, तरी नाही. त्यांचे पैसे मी निवृत्त झाले तेव्हाही खात्यात पडून होते.

कॅशवर परत आल्यावर माझ्या हाताखाली बरेच क्लार्क तयार झाले. प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी एकच सांगायची. पैसे कशाचे आहेत हे आपल्याला कळल्याशिवाय घेऊ नका. एकदा घेतले की परत करायला गेलं तरी सगळे घ्यायला येत नाहीत.