मागच्या सीटवरचा उन्हाळा

डॉक्टरबाईंनी पेनाचं लाल टोपण माझ्या उजव्या डोळ्यासमोर धरलं आणि विचारलं, "रंग कसा दिसतो?" मी म्हणालो, लाल. मग उजवा डोळा झाकायला सांगून तेच टोपण त्यांनी डाव्या डोळ्यासमोर आणलं. "आता?" आता ते जुन्या विटेसारखं दिसत होतं. शेजारच्या खुर्चीत माझी बायको नंदा बसली होती. ती टोपणाकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा टोपणाकडे.

"ऑप्टिक न्युरायटिस," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे डोळ्याला दिसलेलं मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसेला आलेली सूज. डोळा शाबूत, वायरिंग बिघडलेलं. एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. एमआरआयच्या फिल्मवरचे पांढरे ठिपके दाखवत त्यांनी दुसरा शब्द उच्चारला, "मल्टिपल स्क्लेरोसिस." शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या नसांवरचं आवरण कुरतडू लागते, असा हा आजार. आपलाच वॉचमन आपलंच गोदाम फोडतो, असं मी मनात भाषांतर केलं. माझा धंदाच तसा आहे.

भिवंडीजवळच्या वळ आणि वडपे या गावांच्या पट्ट्यातल्या गोदामांमध्ये आग विझवायचे लाल सिलिंडर बसवणं, भरणं आणि तपासणं हे माझं काम. फोन आणि बिलं नंदा सांभाळते, फिरती माझी. फिरती म्हणजे मोटरसायकल. कंटेनरच्या रांगांमधून चारचाकी नेणारा माणूस सकाळी निघाला तर संध्याकाळी पहिल्याच गोदामात चहा पीत असतो.

आजाराची सुरुवातही त्या लाल सिलिंडरांनीच झाली. नवा माल आला, तो मला फिका वाटला. मी पुरवठादाराला फोन करून रंगात पाणी घालतो का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, डब्बा वही, रंग वही. आप चश्मा बदलो." मी चष्मा बदलला. रंग बदलला नाही. मग डोळा फिरवला की दुखू लागला. आणि एप्रिलच्या उन्हात गाडीवर असताना एक विलक्षण गोष्ट होऊ लागली. सगळं जग हळूहळू दुधात विरघळायचं. गोदामात पंख्याखाली बसलं, पाणी प्यायलं, की ते पुन्हा आपापल्या कडा घेऊन परत यायचं. ते इतकं हळुवार होतं, की खरं सांगायचं तर मला भीती वाटायच्या आधी ते सुंदर वाटलं होतं.

ठाण्यातल्या त्या हॉस्पिटलच्या दारात कृत्रिम धबधबा आहे आणि त्याच्याशेजारी, तो कुणाच्या शुभहस्ते सुरू झाला ते सांगणारा संगमरवरी फलक. धबधबा त्या दिवशी बंद होता. शुभहस्ते सुरू झालेल्या गोष्टी बंद कुणाच्या हस्ते होतात, ते कुठेच लिहिलेलं नसतं. वेटिंग रूममध्ये बसून मी असलेच विचार करत होतो. नंदा माझा नंबर पुकारला जाईल म्हणून कान लावून बसली होती.

एमआरआयची बहुतेकांना धास्ती असते. अरुंद नळी, आणि डोक्याभोवती खटखट, खटखट. तंत्रज्ञाने मला हातात एक रबरी फुगा दिला आणि घाबरलात तर दाबा म्हणाला. पण मी भिवंडीचा. आमच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना होता, आणि खटखट थांबली की लहानपणी मला जाग यायची. त्या नळीत मला गाढ झोप लागली. झोपेत कुणीतरी माझ्या कपाळातून पांढरं कापड विणून काढत होतं, तागेच्या तागे, आणि मी ते निवांत बघत होतो. तंत्रज्ञाने बाहेर काढलं तेव्हा म्हणाला, "काका, तुम्ही घोरत होतात. फोटो हलला असता." पुढे तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर एवढंच सांगेन, की तो आवाज कशाचा तरी आहे असं ठरवून टाका. पावसाचा, कारखान्याचा, कशाचाही. नुसता आवाज म्हणून तो सहन होत नाही.

त्यानंतर लंबर पंक्चर झालं, म्हणजे पाठीच्या मणक्यातून थोडं पाणी काढून तपासणं. मग काही दिवस सलाइनमधून स्टेरॉइड. सूज उतरवायला हेच औषध. तोंडाला लोखंडाची चव येते, भूक राक्षसासारखी लागते, आणि माणूस उगाचच उत्साही होतो. मी वॉर्डातले अग्निशामक सिलिंडर तपासून परिचारिकांना दोन सूचना केल्या. त्यांनी त्या हसून ऐकल्या.

घरी जायच्या दिवशी मी डॉक्टरबाईंना उन्हाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "डाव्या नसेवरचं आवरण गेलंय, उजवीलाही थोडी झळ लागलीय, त्यामुळे संदेश जेमतेम पोहोचतोय. शरीर तापलं की तोही अडखळतो. आजार त्याने वाढत नाही. गार झालात की दिसायला लागेल."

"आणि गाडी?"

"आता अजिबात नाही. डोळा सावरला की तपासून ठरवू. पण धूसर दिसायला लागण्याआधी तुम्हाला ते कळेल, याची खात्री मी देऊ शकत नाही."

त्या उत्तरातलं मी सोयीचं तेवढंच ऐकलं, डोळा सावरला की ठरवू. काही दिवसांत डोळा सावरला. पुढच्या तपासणीत बाईंनी थंड वेळी, जवळपास, आणि डोळ्यांपुढे जरा मळभ वाटलं की बाजूला थांबायचं, अशी परवानगी दिली. मी लगेच बाकीचा उन्हाळा जिंकायच्या तयारीला लागलो. अंग तापल्यामुळे दिसेनासं होत असेल, तर अंग तापूच द्यायचं नाही. प्रश्न फक्त योग्य जॅकेट आणि पँटचा आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मला वाचायची खोड आहे. औषधाच्या खोक्यातला घडी केलेला कागदही मी शेवटपर्यंत वाचतो. त्याच निष्ठेने मी कपड्यांबद्दल वाचलं आणि मग ठाण्याच्या एका दुकानात नंदाला घेऊन गेलो. तिथल्या जॅकेटांवर गरुड, ज्वाळा आणि कवट्या होत्या. विक्रेत्याने एक काळं, जाड जॅकेट दोन्ही हातांवर आडवं धरून शाल-श्रीफळ द्यावं तसं पुढे केलं.

"सर, हे वॉरियर सीरीजचं आहे. यात फीलच वेगळा येतो."

नंदा म्हणाली, "भावा, यांना वळला सिलिंडर भरायला जायचंय. पानिपतला न्हाय."

जे शिकलो ते सांगतो, कारण ते खोटं नाही. उन्हात उघडे हात गार राहतात हा भ्रम आहे. ऊन थेट कातडीवर बसतं, आणि पडलात तर डांबर ती कातडी सोलून घेतं. जाड म्हणजे सुरक्षित हेही खरं नाही. उन्हाळ्यासाठी मेश घ्यावं, म्हणजे जाळीचं, ज्यातून वारा आरपार जातो. पण खांदे, कोपरं, म्हणजे घसटणारे भाग जाळीचे नसावेत, चिवट विणीचे असावेत. भिवंडीकराला हे सांगायला नको. आम्ही कापड बोटांत चोळल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. आत खांद्याला, कोपराला आणि पाठीला पॅड हवेत. पाठीचा पॅड बऱ्याचदा वेगळा घ्यावा लागतो आणि लोक तोच टाळतात. जॅकेट ढगळ नको, कारण पडताना पॅड सरकतो आणि कोपर मोकळं राहतं. रंग फिका बघा. पावसाचं अस्तर सुटं निघणारं असेल तर उन्हाळ्यात ते काढून घरी ठेवा. आणि पँट घ्याच. वर जॅकेट आणि खाली साधी जीन्स, हे म्हणजे छप्पर घालून भिंती विसरण्यासारखं. जीन्स रस्त्यावर फार टिकत नाही. पँटला गुडघ्याचे पॅड असतातच, कमरेच्या बाजूचे आहेत का ते विचारा.

याशिवाय मी आत ओलं करून घालायची एक बंडी आणली. पाणी सुकताना अंग गार होतं, अशी तिची युक्ती.

मे महिन्याच्या सुरुवातीला मी हे सगळं चढवून निघालो. गाडी चालती असेपर्यंत अप्रतिम होतं. वारा बंडीतून असा फिरत होता, की जणू मी खाडीतून कमरेइतक्या पाण्यात चालत जात होतो. मी हेल्मेटच्या आत गुणगुणत होतो.

नाक्यावर कंटेनर अडकला आणि सगळं थांबलं. वारा थांबला की जाळी म्हणजे नुसती भोकं. आमच्याकडच्या दमट हवेत बंडीतलं पाणी सुकेना, ते ऊन होऊ लागलं. परवानगी थंड वेळेची होती आणि मळभ आलं की थांबायची अट होती. मी मात्र रांग हलेल म्हणून वाट बघत राहिलो. इंजिनांची धग, समोर कंटेनरची पत्र्याची भिंत, आणि मग ते दूध आलं. पुलाचे खांब त्यात विरघळले, माणसं तरंगायला लागली. रांग पुढे सरकली म्हणून मीही सरकलो, आणि माझं चाक एका टेम्पोच्या मागच्या पट्टीवर आदळलं.

टेम्पोवाल्याने मान बाहेर काढली. "अंधा है क्या, चाचा?"

त्याचं निदान डॉक्टरबाईंपेक्षा लवकर झालं होतं, आणि फिल्मशिवाय.

मला काहीच लागलं नव्हतं. लागणार कसं? पाठीला, कोपराला, गुडघ्याला, सगळीकडे पॅड होते. पण टेम्पोच्या शेजारी, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, स्कूटरवर एक बाई होती आणि तिच्या पुढ्यात शिकवणीचं दप्तर घेतलेली मुलगी उभी होती. टेम्पोला धडकेपर्यंत मला त्या दोघी दिसल्याच नव्हत्या. मुलगी माझ्या पोशाखाकडे कौतुकाने बघत होती. एवढे दिवस मी उन्हाळ्याला उत्तर शोधत होतो, आणि त्या उत्तरात तिच्यासाठी एकही पॅड नव्हता.

मी गाडी कडेला ढकलली, जॅकेट उतरवलं आणि नंदाला फोन केला. ती शेअर रिक्षाने आली. मला सावलीत बसवलं, डोक्यावर बाटली रिकामी केली, आणि हात पुढे केला. "चावी द्या."

"हिला गियर आहेत," मी म्हणालो. ती घरी स्कूटर चालवते, बिनगियरची.

"म्हाईत हाय. माहेरी, कोन गावाला, माझ्या भावाची गाडी मी शेतात चालवायची. आईला पत्ता नव्हता."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुमी कधी इचारलंच न्हाय. चला, बसा मागं."

त्या दिवसापासून मी मागे बसतो. डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. म्हणाल्या, "औषधं मी लिहून देते. हे मला लिहून देता आलं नसतं."

पुन्हा त्याच दुकानात गेलो. विक्रेत्याने नंदासाठी गुलाबी जॅकेट काढलं, ज्याचे कोपराचे पॅड तिच्या दंडावर येत होते. बायकांच्या मापात निवड थोडी असते. वेळ लागला तरी चालेल, पण हात वाकवून बघा, पॅड हाडावरच बसला पाहिजे. आणि मागे बसणाऱ्यांनी पँट घेताना उभ्याने आरशात बघून खूश होऊ नये. दुकानातल्या गाडीवर मागे बसून बघावं. मागच्या सीटवर गुडघा जास्त मुडपतो आणि पॅड मांडीवर चढतो. मी तसा बसून बघत असताना दुकानातली चार माणसं थांबली. हरकत नाही.

गावात या पोशाखाचं स्वागत झालंच. पहिल्याच दिवशी नाक्यावरच्या चहावाल्याने, ज्याला सगळे बाळूदादा म्हणतात, नंदाला हाक मारली. "वैनी, पार्सल कुठचा? नीट पॅक केलाय!"

"वडप्याचा हाय," नंदा म्हणाली.

"काचेचा सामान हाय काय?"

"हां दादा. आदळू नका."

मी हेल्मेटची काच खाली ओढली. आत मी हसत होतो, पण ते त्यांना कळू देणं बरं नव्हतं.

आजार गेलेला नाही. तो जाणारा नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय. महिन्याची औषधं चालू आहेत, वर्षाकाठी पुन्हा ती नळी. तुमच्यापैकी कुणाला हा आजार असेल आणि तुम्ही उन्हाळ्यात गाडी चालवता यावी म्हणून कपडे शोधत असाल, तर कपडे जरूर घ्या. पण ते तुमच्या हाडांसाठी आहेत. डोळ्यांसाठी दुसऱ्या कुणाचे तरी डोळे लागतात, आणि ते मागावे लागतात. मागायला मला जड गेलं. द्यायला तिला मुळीच जड गेलं नव्हतं.

परवा भर दुपारी आम्ही वडप्याला निघालो होतो. अंग तापलं, आणि दूध आलं. गोदामांचे निळे पत्रे वितळून एकच लांब पाणी झालं, त्यात कंटेनर संथ चालले होते, वजन नसल्यासारखे. पूर्वी या क्षणी माझी मूठ ब्रेकवर आवळायची. आता माझे हात मांडीवर होते.

"दिसतंय का?" नंदाने विचारलं.

"कमी झालंय."

"थांबू का?"

"नको. काय आहे ते सांग."

ती सांगत गेली. उजव्या बाजूला दोन बाया करवंदं घेऊन बसल्यात, एकीचं पोर झोपलंय. पुढे नवं गोदाम होतंय, त्याच्या कुंपणावर कुणाचं तरी लुगडं वाळत घातलंय, हिरवं, लांबच्या लांब. एक बैल रस्त्याच्या कडेने एकटाच चाललाय, कुठे जायचंय ते ठाऊक असल्यासारखा. इतकी वर्षं मी हा रस्ता धड डोळ्यांनी तुडवला, आणि यातलं काही मला ठाऊक नव्हतं.

"आणि?" मी म्हणालो.