बुंदीचं बिऱ्हाड

"हुश्श! आलो बुवा घरी."

गुरुजी बाहेरून आले की दारातल्या पायरीवर टेकायचे, उपरण्यानं मान पुसायचे आणि हे वाक्य म्हणायचे. कुठून आले असतील असं वाटतं तुम्हाला? गल्लीच्या तोंडाशी जाऊन वाटीभर दही घेऊन. पण थाट असा, की बद्रीकेदार करून परतलेत.

बँकेनं माझी बदली बनारसला केली, तेव्हा दशाश्वमेध घाटाजवळच्या गल्लीत त्यांच्या घरची वरची खोली मी भाड्यानं घेतली होती. मराठी यात्रेकरूंची श्राद्धं आणि पूजा सांगणं हे त्यांचं पिढीजात काम. घराणं मूळ कोकणातलं, पण गुरुजींनी कोकण कधी पाहिलं नव्हतं. मराठी मात्र ठणठणीत बोलायचे, मधूनच हिंदीचा तडका. मी साताऱ्याची, एवढं त्यांना पुरलं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ए सातारकरीण, चाय पिऊन जा! लेट झाली तर बँक पळून नाही जात!"

या माणसाची एक गंमत होती. ते गंगा ओलांडत नसत. काशीत मेलं तर मुक्ती आणि पलीकडे रामनगरला मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा, अशी इथल्या लोकांची समजूत. तुम्ही हसाल. मीही हसले होते. "गुरुजी, रामनगरात एवढी माणसं राहतात, ती काय सगळी..."

"त्यांचं ते बघून घेतील. मला गाढवाची भीती नाही गं," ते म्हणाले. "आमची ही इथून गेली. मी तिकडून गेलो, तर चुकामूक व्हायची."

त्यानंतर मी त्या विषयावर हसले नाही. शिवाय त्यांच्या छातीचं दुखणं होतंच. कधी काय होईल त्याचा नेम नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं.

अशा माणसावर पाल पाळायची वेळ आली.

त्यांची नात त्यांच्याजवळ राहून शिकली. तिला पुण्यात नोकरी लागली आणि तिथल्या हॉस्टेलात तिची पाळीव पाल चालेना. आपली भिंतीवरची नव्हे हं! परदेशी जातीची, वीतभर लांब, पिवळी, अंगभर काळे ठिपके. नाव बुंदी. नात जाताना म्हणाली, "आजोबा, मला खोली मिळेपर्यंत हिला सांभाळा. और किसी पे भरोसा नहीं है मुझे." झालं! भिंतीवरची पाल अंगावर पडली तर डोक्यावरून आंघोळ करणारे गुरुजी "सांभाळतो" म्हणून बसले.

मग बुंदीचं बिऱ्हाड थाटलं. माशांची जुनी काचपेटी आली. लस्सीच्या मातीच्या कुल्हडाला एका अंगानं भोक पाडून तो पालथा घातला, ही तिची निजायची खोली. पेटीच्या एका टोकाखाली ऊब देणारी चटई, आणि लाइट गेली की तिथंच गरम पाण्याची पिशवी. जेवायला कोंड्यात ठेवलेल्या जिवंत अळ्या. गुरुजी चिमट्यानं अळी आत सोडायचे आणि तोंड भिंतीकडे फिरवायचे. "देवानं तिला तसंच केलंय, आपण कोण बोलणारे?" मग आंघोळ करून पूजेला बसायचे.

घोडं अडलं ते अंथरुणावर. नातीनं बजावलं होतं, खाली वर्तमानपत्र घाला.

"छापील अक्षरांवर ही पाय देणार?" गुरुजी म्हणाले. "आणि बाकीचं सगळंही त्याच्यावरच करणार? सरस्वती आहे ती!"

त्यांनी नावाड्याकडून गंगेची रेती आणवली. धुतली, गाळली, गच्चीवर वाळवली आणि पेटीत इतकी मऊ पसरली की मलाच झोपावंसं वाटलं.

"नातीला विचारलंत का?"

"गंगेची रेती आजवर कुणाला बाधली आहे?"

बाधली. बुंदी अळीबरोबर रेतीही गिळत राहिली. आधी तिचं खाणं सुटलं, मग ती कुल्हडातून बाहेरच येईना. पोट टम्म आणि शेपटी वाळत चाललेली. नातीला फोन लावला तर ती ओरडली, "आजोबा, रेत निकालिए! वो रेत खा लेती है!" आणि पुढे नुसती रडायला लागली. फोन माझ्या हातात देऊन गुरुजी मुठीमुठीनं रेती उपसायला लागले. पोरीनं एवढा एकच जीव विश्वासानं सोपवला होता.

रेती काढली तरी बुंदी हलेना. समाचाराला शेजारी आले. "काशी में मरेगी गुरुजी, बड़ी भाग्यवान है."

हेच वाक्य गुरुजींनी जन्मभर घाटावर रडणाऱ्या माणसांना ऐकवलं होतं. पण त्या दिवशी ते केवढ्यानं कडाडले! "मुक्ती गेली खड्ड्यात! आधी तिला शी होऊ दे!"

जवळचे डॉक्टर गाई-कुत्र्यांपलीकडे काही बघत नव्हते. पोपट-कासवं बघणारा एक डॉक्टर होता, पण रामनगरला. मी म्हटलं, मी घेऊन जाते स्कूटरवर.

"तिला माझ्या हाताची सवय आहे," गुरुजी म्हणाले. मग भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत राहिले. "येतो गं. तू थांब जरा."

बुंदीचा डबा उपरण्यात गुंडाळून ते माझ्या मागे बसले. पूल सुरू झाला तशी त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. "जल्दी चालव! पण हळू चालव!" मागून रामनामाचा सपाटा चाललेला. मला पालीची नाही, त्यांच्या छातीची धास्ती. यांना इथं काही झालं तर मी त्या फोटोला काय तोंड दाखवू, हेच डोक्यात.

डॉक्टरनं तिला कोमट पाण्यात बसवायला सांगितलं आणि पोटावरून बोट कसं फिरवायचं ते दाखवलं. गुरुजींनी आपल्या हातानं केलं. वाडग्यावर वाकून ते तिला चुचकारत होते, "हो जाएगा बेटा, कर." बराच वेळ गेला. मग पाण्यात रेती उतरली.

"झाली!" गुरुजी असे ओरडले की बाहेर पोपट घेऊन बसलेला माणूस दचकून उभा राहिला. मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

परतताना पूल संपला मात्र, त्यांनी स्कूटर थांबवायला लावली. कठड्याला टेकले, मान पुसली. "हुश्श! आलो बुवा घरी." घर अजून केवढं तरी लांब होतं.

मी कोऱ्या कागदाचे ताव आणून दिले. त्यावर अक्षर नव्हतं, सरस्वतीची हरकत नव्हती. आणि एका सकाळी मी केस विंचरत असताना खालून हाक आली, "सातारकरीण! जेवली गं, जेवली!" मी कंगवा हातात घेऊनच जिना उतरले.

त्यानंतर गुरुजींची भीड चेपली. अळ्या रामनगरला ताज्या मिळतात म्हणून ते स्वतःच पलीकडे जायला लागले. निघताना फोटोला "येतो गं, थांब" सांगायचं आणि निघायचं. सुटीच्या दिवशी मी घरी असले, की खालून ते "हुश्श" ऐकू येईपर्यंत माझं कशात लक्ष लागायचं नाही.

मग माझी बदली झाली, मी साताऱ्याला आले. परवा नातीचा फोन आला. पुण्यात खोली मिळाली, म्हणून ती बुंदीला न्यायला बनारसला गेली होती.

"ताई, आजोबा गेले."

कसे, केव्हा, यातलं काही मी विचारलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "कुठं?"

तिला कळलं. "घरीच. सकाळी रामनगरहून अळ्या घेऊन आले, पायरीवर बसले, नेहमीचं ते म्हणाले. मग बुंदीला भरवलं आणि आडवे झाले. मी चहा घेऊन गेले, तर..."

रडू नंतर आलं, पुष्कळ आलं. पण आधी काय आलं ते तुम्हाला सांगते, आणि तुम्ही गुरुजींना पाहिलं असतंत तर तुमचंही तेच झालं असतं. मी म्हणाले, "हुश्श."